तेरेक-बुलाकात नावानं हाक मारत नाहीत

सेझिम पाच वर्षांची असताना आम्ही बिश्केक सोडलं, ते तिच्या खोकल्यापायी. थंडी सुरू झाली की शहरावर कोळशाचा धूर असा बसायचा की समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसत नसत. पोरगी नोव्हेंबरात खोकायला लागायची ती उन्हाळ्यातही पुरती थांबायची नाही. तिसऱ्या हिवाळ्यात दवाखान्यातली डॉक्टरीण मला म्हणाली, "औषधं लिहून देते, पण खरं औषध माझ्याकडे नाही. हिला इथून घेऊन जा."

माझा नवरा एर्मेक विजेची कामं करायचा. नारीनकडच्या डोंगरात, तेरेक-बुलाकच्या छोट्या वीजकेंद्रावर माणूस हवा आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं. कामासोबत राहायला घरही होतं. तो एकटा जाऊन बघून आला.

"कसं आहे?" मी विचारलं.

"शांत आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुला जरा जडच जाईल."

त्यानं हे म्हणण्याला कारण होतं. माझ्या आईनं वीस वर्षं दोर्दोई बाजारात चपलांचं दुकान चालवलं, आणि तिचा आवाज माझ्या गळ्यात आला. मी स्वयंपाकघरातून बोलले तर तिसऱ्या मजल्यावरची बाई उत्तर द्यायची. एर्मेक म्हणायचा, "तुला फोन कशाला घेऊन दिला, तेच मला कळत नाही."

ऑगस्टच्या शेवटी आम्ही तिथे पोहोचलो. एकेकाळी तिथे शिशाची खाण होती. खाणीत काम करणाऱ्यांसाठी बांधलेल्या दुमजली इमारतींची एक रांग, त्यातली निम्मी घरं रिकामी. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून नदी, काठाला पॉप्लरची झाडं. उत्तरेच्या डोंगरावर खाणीतून काढलेल्या खड्यांचा राखाडी ढीग आणि त्याच्यावर, दगड रचून बुजवलेलं खाणीचं तोंड. हवा इतकी स्वच्छ की पहिल्या दिवशी मला चक्कर आल्यासारखं झालं.

लोक फार चांगले होते. सामान उतरवेपर्यंत कुणी भाकरी आणली, कुणी साय, कुणी प्लमचा मुरांबा. पण सगळे अगदी हळू बोलत होते. मला आधी वाटलं, शेजारी कुणीतरी आजारी असावं. तिथली कुत्रीसुद्धा भुंकायची ती तोंडातल्या तोंडात.

संध्याकाळी, ऊन अजून डोंगरावर होतं तेव्हा, मी ओरोमो, म्हणजे मांस भरून गुंडाळलेली पोळी, उकडून काढला. सेझिम खाली अंगणात खेळत होती. मी फार खुशीत होते. खिडकी उघडली, कोपर टेकले आणि आयुष्यभर मारत आले तशी हाक मारली.

"सेझिम! ये गं माझ्या सोन्या, पळत ये, गरमागरम आहे!"

खाली नळावर तीन बाया पाणी भरत होत्या. तिघी जागच्या जागी थिजल्या. एकीची बादली भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही. तिघी माझ्याकडे बघत नव्हत्या, उत्तरेच्या डोंगराकडे बघत होत्या. तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दोन्ही बाजूंना एवढे डोंगर, माझा हा असला आवाज, आणि प्रतिध्वनी मात्र आला नाही. हाक गेली ती गेली.

दहा मिनिटांत दारावर टकटक झाली. शेजारची बुरुलचा होती; मोठ्या बाईला आमच्याकडे आपा म्हणतात, म्हणून बुरुलचा आपा. साठीपुढची, बारीक, डोक्याला पांढरा रुमाल घट्ट बांधलेली. ती आत आली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, "केलिन, वाईट वाटून घेऊ नकोस. पोरीला बाहेर नावानं हाक मारायची नाही. हवी असली तर खाली उतरून हात धरून आणायची."

आमच्याकडे सुनेला केलिन म्हणतात, आणि केलिननं सासरच्या मोठ्यांची नावं घ्यायची नाहीत, अशी रीत आहे. माझ्या सासऱ्यांचं नाव ताश्तान, म्हणजे दगडासारखा. त्यामुळे त्यांच्यासमोर मी दगडालाही 'ती कडक वस्तू' म्हणायचे. मी हसून म्हटलं, "आपा, सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही हे ठाऊक होतं. पोटच्या पोरीचंही घ्यायचं नाही?"

ती हसली नाही. "घरात घे. खिडकी लावून घे," म्हणाली आणि गेली.

एर्मेकला सांगितलं तर त्यानं भुवया उडवल्या. "म्हातारी माणसं. त्यांना शांतता आवडते. तूही जरा शिक!"

अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला सेझिम अंगणातून धावत वर आली, धापा टाकत.

"काय गं आई?"

"काय काय?"

"बोलावलंस ना?"

"नाही बाई."

"बोलावलंस! गरम आहे म्हणालीस." ती टेबलाकडे बघायला लागली. टेबलावर काही नव्हतं. "तिकडून बोलावलंस," असं म्हणून तिनं खिडकीतून बोट दाखवलं. उत्तरेच्या डोंगराकडे.

मी तिला काही म्हणणार, एवढ्यात मलाही ऐकू आलं. लांबून, पण अगदी स्वच्छ. सेझिम! ये गं माझ्या सोन्या, पळत ये, गरमागरम आहे!

आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकायची सवय नसते. तरी मी तो ओळखला, कारण तो माझ्या आईचाही होता. त्यात पहिल्या दिवशीची सगळी खुशी होती. शेवटी मला जरा हसू फुटलं होतं, तेही होतं.

सेझिम माझ्या तोंडाकडे बघत होती. तोंड बंद होतं. ती म्हणाली, "तू दोन ठिकाणी कशी?"

मी तिला उचललं आणि तशीच बुरुलचा आपाकडे गेले. ती खिडकीशी उभी होती. तिनंही ऐकलं होतं. तिनं सेझिमच्या हातात खडीसाखर दिली, तिला आतल्या खोलीत बाहुली घेऊन बसवलं आणि मग मला सांगितलं.

"खाण चालू होती तोवर कुणाला काही ठाऊक नव्हतं. रात्रंदिवस यंत्रं, गाड्या, भोंगा. कान किटायचे. आम्ही म्हणायचो, कधी एकदाची शांतता मिळते! मग सोव्हिएत देश मोडला, खाण बंद पडली. माणसं निघून गेली. शांतता आली. त्या शरदात पहिल्यांदा ऐकू आलं. ज्यांनी पोरांना बाहेर हाका मारल्या होत्या, त्यांच्याच हाका परत येत होत्या. त्याच दिवशी नाही. कधी आठवड्यानं, कधी महिन्यानं. आम्हाला गंमत वाटायची, केलिन. खरंच सांगते, आम्ही हसायचो."

"मग?"

"माझी अनारकुल सात वर्षांची होती. मी आत भांडी घासत होते. ती अंगणातून म्हणाली, 'आले, आई!' मला वाटलं, खेळात कुणाला तरी म्हणतेय." बुरुलचा आपा आपले हात बघत होती. "तिचे बूट खाणीच्या तोंडाशी मिळाले. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेले. घरात शिरताना काढतात ना, तसे."

गावातल्या माणसांनी आत शोधलं, तीन दिवस. मग खाणीचं तोंड दगडांनी बुजवलं. तेव्हापासून तेरेक-बुलाकात कुणी बाहेर नावानं हाक मारत नाही. दर घराची खूण ठरलेली. कुणी पातेल्यावर दोनदा डाव वाजवतं, कुणी टाळ्या, कुणी शीळ.

"तुम्ही इथून गेला का नाहीत?" मी विचारलं.

"जाणार होते. पण त्या वर्षी बर्फ पडायच्या आधी ती हाक पुन्हा आली. माझी. बत्तीस वर्षांच्या बुरुलचाची. 'अनारकुल, ये बाळा, जेवायला ये.' अजून येते, वर्षातून दोनतीनदा." तिनं मान वर केली. "तो आवाज आता माझ्याकडे राहिलेला नाही. तिथे आहे."

एर्मेकला मी सगळं सांगितलं. तो दिवसभर यंत्राच्या घरघरीत बसलेला असायचा, त्याला तिथे काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"डोंगरात आवाज घुमतो," तो म्हणाला.

"घुमतो तर लगेच घुमेल ना? बारा दिवसांनी?"

"ऐझिरेक, पोरगी इथे आल्यापासून एकदाही खोकली नाहीये. हे तुला ऐकू येतं का?"

सेझिमचे गाल भरले होते. रात्री ती सलग झोपायची. आम्ही ज्यासाठी आलो होतो, ते मिळालं होतं.

मग मी शिकले. आमची खूण ठरली: किटलीच्या झाकणावर चमच्यानं दोन ठोके, मग एक. सेझिमला मी पढवलं, "टण टण, टण वाजलं तरच आई. नाव ऐकू आलं तर आई नाही. कळलं?" ती मान हलवायची. पण मी बदलत चालले होते. मी दिवसभर खिडकीशी उभी राहायचे. घरातही माझा आवाज खाली गेला होता, आणि जो निघायचा तो खेकसण्यापुरताच. तिकडे जाऊ नकोस. इथेच बस. किती वेळा सांगायचं? डोंगरावरून आणखी दोनदा माझी हाक आली. दोन्ही वेळा पोरगी घरात होती आणि दोन्ही वेळा ती खेळणं थांबवून कान देऊन ऐकत राहिली. मी तिच्या कानांवर हात ठेवले तर तिनं ते ढकलले.

ऑक्टोबरच्या मध्याला एक दिवस फार वारा होता. सेझिम सकाळपासून बाहेर जायचा हट्ट करत होती. मी पीठ मळत होते. शेवटी मी तिच्यावर एवढी ओरडले की ती भिंतीला चिकटली. मग मलाच लाज वाटली. म्हटलं, "जा, पण खिडकीखालीच. मला दिसली पाहिजेस." ती बूट घालून गेली. मी बघत होते. चुलीवर पाणी उतू गेलं, मी वळले, आच कमी केली, पुन्हा खिडकीशी आले. तेवढाच वेळ. अंगण रिकामं होतं.

आणि वरून माझा आवाज आला.

मी जिना कसा उतरले, मला आठवत नाही. रांगेच्या टोकाला आले तेव्हा ती दिसली, तिची लाल टोपी. खड्यांच्या ढिगाऱ्यावरून ती वर चढत होती, हात टेकत, घाईघाईनं, उशीर झाल्यावर घरी जायची घाई असते तशी. मी धावले. पायाखाली खडे घसरत होते, एक पाऊल वर की अर्धं खाली. वर ती हाक चालूच होती. पळत ये, पळत ये माझ्या सोन्या. वाऱ्यात माझ्या टाळ्यांचा आवाज माझ्यापासून चार पावलांवर मरत होता. झाकण आणि चमचा घरी राहिले होते.

मी छाती भरून श्वास घेतला, आणि मागून एक हात माझ्या तोंडावर घट्ट बसला.

बुरुलचा आपा होती. ती कधी आणि कशी माझ्या मागोमाग चढली, देव जाणे. "ओरडू नकोस," ती माझ्या कानात म्हणाली. "आत्ताचं हे ओरडणंसुद्धा तो डोंगर ठेवून घेईल. मग तिला कुठलं ऐकायचं, कधीच कळणार नाही."

सेझिमनं त्याच वेळी मागे वळून पाहिलं. आमच्यात दीडशे पावलं असतील. खाली तिची आई उभी, तोंडावर कुणाचा तरी हात. वरून तिची आई लाडानं बोलावतेय. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरू शकलेले नाही. ओळख नसलेल्या बाईकडे पोरं जशी बघतात, तशी. मग ती वळली आणि पुन्हा चढायला लागली.

वर खाणीच्या तोंडाचे दोनतीन दगड निखळलेले होते. तिथे एक भोक होतं, काळं, लहान मूल आत जाईल एवढं.

माझ्या तोंडावरचा हात निघाला. बुरुलचा आपा माझ्या पुढे गेली, तिनं डोक्याचा रुमाल ओढून काढला आणि ओरडली. तीस वर्षांत ती ओरडली नव्हती. तो आवाज बाईचा वाटेना, फुटलेल्या भोंग्यासारखा होता.

"ए पोरी! थांब! ती तुझी आई नव्हे! मागे फीर!"

सेझिम दचकली, पाय घसरून खाली बसली आणि भोकाड पसरलं. मी तिच्यापर्यंत पोहोचले तेव्हा ती भोकापासून सातआठ पावलांवर होती. तिच्या पायात एकच बूट होता. दुसरा तिनं हातात धरला होता. आतून थंड हवा येत होती, आणि आवाज थांबला होता. मी तिला उराशी धरून ढिगाऱ्यावरून बसतबसतच उतरले.

संध्याकाळी एर्मेक आणि गावातली आठ माणसं वर गेली आणि भोक सिमेंटनं बुजवून आली. दगड कुणी काढले, कुणालाच सांगता आलं नाही. एर्मेकचं म्हणणं, पावसानं निखळले असतील.

बुरुलचा आपाचा आवाज त्या दिवशी बसला तो चार दिवस उमटला नाही. मी तिला दूध-लोणी गरम करून द्यायचे. पाचव्या दिवशी दुपारी मी तिच्याकडेच होते. चार वाजता डोंगरावरून माझी हाक आली. सिमेंट घातलं होतं, तरी आली. सेझिम माझ्या मांडीवर ताठ झाली. हाक पुरी व्हायच्या आतच दुसरा आवाज आला. फाटका, भयंकर.

ए पोरी! थांब! ती तुझी आई नव्हे! मागे फीर!

अंगणात माणसं कामं टाकून उभी राहिली. नळावरच्या एका बाईनं तोंडावर पदर धरावा तसा रुमाल धरला. मी आपाकडे पाहिलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिचा चेहरा मात्र वाट बघणाऱ्या माणसासारखा झाला होता. तेव्हा मला समजलं ती कशाची वाट बघतेय.

ती हाक आठवड्यानं आली. पहिलं हलकं बर्फ पडत होतं. बत्तीस वर्षांच्या बाईचा गोड, भरलेला आवाज: अनारकुल, ये बाळा, जेवायला ये. आणि त्याच्यावर लगेच त्याच बाईचा म्हातारा आवाज: थांब! ती तुझी आई नव्हे!

बुरुलचा आपा खुर्चीवर बसली. मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही.

"तिला उशिरा सांगितलं," ती शेवटी म्हणाली. "पण सांगितलं."

मी तिचे पाय दाबत बसले. दुसरं काय करणार?

आम्ही गाव सोडलं ते एर्मेकमुळे. नोव्हेंबरात मी सेझिमला लस टोचायला नारीनला घेऊन गेले होते. त्या दिवशी केंद्रावर यंत्र दुरुस्तीसाठी बंद होतं, म्हणून एर्मेक बाहेर पायरीवर चहा पीत बसला होता. त्याच्या कानावर ते पहिल्यांदा पडलं. बायको दीडशे किलोमीटरवर, आणि तिचा आवाज डोंगरावरून पोरीला बोलावतोय. संध्याकाळी आम्ही परतलो तर तो खोक्यांमध्ये भांडी भरत होता. काय ऐकलं ते त्यानं मोजक्या शब्दांत सांगितलं. मग म्हणाला, "तू त्या आवाजात माझ्याशी बोलून किती दिवस झाले गं?"

बुरुलचा आपाला आम्ही सोबत चला म्हणून खूप विनवलं. "मी गेले तर इथे माझ्या दोन्ही आवाजांजवळ कोण थांबेल?" असं म्हणून तिनं आमच्या गाडीत भाकऱ्यांचं गाठोडं ठेवलं.

आता आम्ही बालिकचीला असतो, एका मोठ्या सरोवराच्या टोकाला. तिथे वारा वर्षभर थांबत नाही, आणि आमच्या घरामागे रेल्वेचं यार्ड आहे. माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडल्याशिवाय बोलतच नाहीत. एर्मेक म्हणतो, हे गाव तुझ्यासाठीच वसवलंय. धूर कमी आहे. सेझिम हिवाळ्यात थोडी खोकते, पण भागतं.

ती आता अकराची आहे. त्या दिवसाबद्दल मी तिला कधी विचारलं नव्हतं. गेल्या वसंतात आम्ही दोघी अंगणात लोकर झोडत होतो, तेव्हा तिनं आपणहून विषय काढला.

"आई, तुला वाटतं ना की मी फसले?"

मी काठी खाली ठेवली. "नाही का फसलीस?"

"नाही. मला ठाऊक होतं तू खाली आहेस. मला दिसत होतीस ना." ती लोकरीतले काटे वेचत होती, माझ्याकडे न बघता. "पण वरची खुशीत होती. तू फार दिवस तशी बोलली नव्हतीस."

यार्डातून एक इंजिन शंटिंग करत गेलं. मग ती म्हणाली भूक लागलीय, आणि मी हात झटकून आत गेले, तिच्यासाठी काहीतरी गरम करायला.